सामू सारखाच, मग एका विहिरीच्या पाण्याला ॲसिड तिप्पट का लागतं?

प्रश्न असा आहे: दोन विहिरी, दोन्हींच्या पाण्याचा सामू (पीएच, आम्लतेचा आकडा) 7.8. ठिबकच्या आम्ल प्रक्रियेसाठी, म्हणजे ड्रीपरमधला पांढरा थर ॲसिडने विरघळवण्यासाठी, पहिल्या विहिरीच्या बादलीभर पाण्यात थोडं ॲसिड टाकलं की सामू झपकन 4 च्या खाली येतो. दुसरीच्या पाण्यात तेवढंच ॲसिड टाकलं तर तो साडेसहाच्या आसपास घुटमळत राहतो. मीटर बिघडलाय, की ॲसिड भेसळीचं आहे?

दोन्ही ठीक आहेत. गफलत आहे ती सामूच्या आकड्याकडून अपेक्षा ठेवण्यात. पाण्यात या क्षणी मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत, एवढंच सामू सांगतो. ॲसिड पचवून टाकणारा साठा त्या पाण्यात किती आहे, हे तो सांगत नाही. तो साठा म्हणजे अल्कता, आणि आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात ती जवळपास सगळी बायकार्बोनेटची असते. ॲसिडचा डोस ठरतो अल्कतेवर. सामूवर नाही.

आकड्यांत बघा. सामू 7.8 म्हणजे एका लिटरमध्ये एका मोलचा (मोल म्हणजे रसायनातलं कण मोजायचं एकक) साधारण सव्वासहा कोटीवा भाग हायड्रोजन आयन. इतकी ही मात्रा क्षुल्लक आहे. त्याच लिटरमध्ये बायकार्बोनेट 7 मिलिमोल असेल, तर ते हायड्रोजन आयनांच्या चार लाख पटींहून जास्त भरतं. आता आम्ल टाकल्यावर सुटणारा प्रत्येक हायड्रोजन आयन आधी बायकार्बोनेटला भेटतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू व पाणी तयार होतं. बायकार्बोनेट शिल्लक आहे तोवर मोकळे हायड्रोजन आयन साठतच नाहीत, मग मीटरला दिसणार काय?

शाळेत आम्लारी म्हणजे हायड्रॉक्साइड देणारा पदार्थ असं शिकवतात, त्यामुळे बायकार्बोनेट आम्लारी कसा हे पटकन पटत नाही. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे मांडलेली व्याख्या इथे कामी येते: प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. बायकार्बोनेट प्रोटॉन घेतो, म्हणून ठिबकच्या टाकीत तो आम्लारीच. आणि प्रोटॉन म्हणजेच इथे वारंवार येणारा हायड्रोजन आयन.

मग दोन्ही विहिरींचा सामू सारखा कसा? कारण अशा पाण्याचा सामू बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर ठरतो. दोन्ही समसमान असतील तर सामू 6.35. सामू 7.8 ला हे गुणोत्तर साधारण 28 ला 1 असतं. पहिल्या विहिरीत लिटरला 2.4 मिलिमोलला 0.085 असेल, दुसरीत 7 ला 0.25 असेल. गुणोत्तर तेच, म्हणून सामू तोच. साठा मात्र जवळपास तिप्पट.

पाणी तपासणीच्या अहवालात हा साठा दोन प्रकारे लिहिलेला असतो, तो आधी एका मापात आणा. बायकार्बोनेट पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅम) दिलं असेल तर 61 ने भागा. एकूण अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिली असेल तर 50 ने भागा. दोन्हीकडून उत्तर येतं मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, म्हणजे पाणी किती आम्ल पचवेल त्याचं माप; बायकार्बोनेटला ते मिलिमोलइतकंच. बायकार्बोनेट 427 पीपीएम किंवा अल्कता 350 पीपीएम, दोन्ही म्हणजे 7. अहवालात फक्त सामू आणि ईसी (विद्युत वाहकता) असेल, तर त्यावरून डोस काढता येत नाही. बायकार्बोनेट तपासून मागा. नमुना देताना पंप दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, बाटली काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका.

आता बादलीची चाचणी. अहवाल हातात असला तरी ही करावीच, कारण बाजारातल्या ॲसिडची तीव्रता लेबलइतकी असेलच असं नाही.

आधी मीटर. पेनसारखा मीटर वापरत असाल तर 7 आणि 4 अशा दोन्ही बफरवर (ठरलेल्या सामूच्या तयार द्रावणांवर) लावून घ्या. फक्त 7 वर लावलेला मीटर 4 जवळ सहज अर्धा आकडा चुकतो आणि आपल्याला काम तिथेच आहे. वापरलेला बफर परत बाटलीत ओतू नका. इलेक्ट्रोड कोरडा किंवा डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं 3 मोलर द्रावण लागतं, ते नसेल तर निदान 4 चा बफर.

100 मिली पातळ ॲसिड करून घ्या: प्लास्टिकच्या मगात 90 मिली पाणी, त्यात 10 मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड. पाण्यात ॲसिड, उलट कधीच नाही. आता या पातळ द्रावणाचे 10 मिली म्हणजे 1 मिली मूळ ॲसिड, त्यामुळे साध्या सिरिंजनेही नेमकं मोजता येतं. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाणी मोजून घ्या. द्रावण 10-10 मिलीने टाका, हलवा, मिनिटभर थांबा, आकडा लिहा.

7 मिलिइक्विव्हॅलंट अल्कतेच्या पाण्यात, 32 टक्के तीव्रतेचं ॲसिड असेल, तर आकडे साधारण असे येतील. सुरुवातीला 7.8. 2 मिली ॲसिडला (म्हणजे पातळ द्रावण 20 मिली) 6.7. 4 मिलीला 6.2. 6 मिलीला 5.5. आणि मग 7 मिलीला एकदम 3.8, 8 मिलीला 2.9. नीट पाहा: दुसऱ्या मिलीपासून सहाव्यापर्यंत चार मिलीत सामू जेमतेम सव्वा आकड्याने उतरला आणि त्यानंतरच्या एका मिलीत पावणेदोन आकड्यांनी कोसळला. प्रश्नात जे ‘घुटमळणं’ म्हटलंय ते हेच. बायकार्बोनेट संपेपर्यंत पाणी धरून ठेवतं, संपलं की धरायला काही उरत नाही. इथेच बहुतेकांचा हात चुकतो: सामू हलत नाही म्हणून बाटली तिरकी करून ॲसिड ओततात आणि पाच मिनिटांनी मीटर दीड-दोन दाखवतो. साडेपाच दिसला की 10 मिलीऐवजी 2-2 मिली टाकायला लागा.

जोरात ढवळलंत तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मधले आकडे थोडे वर दिसतात. शेवटचा डोस त्याने फारसा बदलत नाही.

पहिल्या विहिरीला, 2.4 अल्कतेला, हाच उतार अडीच मिलीच्या आत संपतो.

कागदावरचा हिशेबही देतो, म्हणजे बादलीतला आकडा पडताळता येईल. 32 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची घनता 1.16 धरली तर एका लिटरमध्ये साधारण 10.2 इक्विव्हॅलंट आम्ल असतं. 1000 लिटर पाण्यात 7 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर म्हणजे एकूण 7 इक्विव्हॅलंट, त्याला 690 मिली ॲसिड. एवढ्याने बायकार्बोनेट संपतं. आता सामू 4 हवा असेल तर वर फक्त 0.1 इक्विव्हॅलंट, म्हणजे 10 मिली. 3 हवा असेल तर 1 इक्विव्हॅलंट, 100 मिली. 2 हवा असेल तर 10 इक्विव्हॅलंट, जवळजवळ 1 लिटर. सामूची पट्टी दसपटीची आहे. सोरेनसेनने 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती मांडली तेव्हापासून एक आकडा म्हणजे दहा पट, हे तिचं गणित आहे. ‘अजून एकच आकडा खाली आणू’ असं म्हणताना हे लक्षात असावं.

तर सामू 3 साठी दुसऱ्या विहिरीला 1000 लिटरमागे 790 मिली, पहिलीला 335 मिली. दुसऱ्या विहिरीच्या 10 लिटर पाण्याला बादलीत सामू 3 साठी 7.9 मिलीच्या आसपास ॲसिड लागलं तर ते लेबलप्रमाणे आहे. साडेनऊ-दहा मिली लागत असेल तर ॲसिड पातळ आहे किंवा अल्कता अहवालापेक्षा वाढली आहे. उन्हाळ्यात विहीर खाली गेल्यावर हे हमखास होतं, म्हणून पावसाळ्यानंतरचा डोस मे महिन्यात जसाच्या तसा वापरू नका.

आता प्लॉटचा डोस. एक एकर, लॅटरलमध्ये (ड्रीपर बसवलेल्या बारीक नळ्यांमध्ये) 1.5 मीटर अंतर, 16 मिमीची नळी, ड्रीपर 50 सेंमीवर आणि 4 लिटर प्रति तास. लॅटरल साधारण 2700 मीटर, ड्रीपर 5400, ताशी प्रवाह साडेएकवीस हजार लिटर. पंधरा मिनिटं ॲसिड सोडायचं तर सुमारे 5400 लिटर पाणी जाणार. दुसऱ्या विहिरीवर ॲसिड लागेल सव्वाचार लिटर, पहिलीवर 1.8 लिटर. ‘एकरी इतके लिटर’ असा ठोकळा डोस का सांगता येत नाही, ते या दोन आकड्यांत आहे.

व्हेंच्युरी (ड्रममधलं द्रावण ओढून ठिबकच्या पाण्यात मिसळणारा भाग) किती ओढते ते आधी साध्या पाण्यावर मोजा. ताशी 120 लिटर ओढत असेल तर पंधरा मिनिटांत 30 लिटर जाईल. मग प्लास्टिकच्या ड्रममध्ये आधी 25-26 लिटर पाणी, त्यात सव्वाचार लिटर ॲसिड, असं 30 लिटर करून घ्या. संच पूर्ण दाबावर आल्यावरच सोडायला सुरुवात करा. शेवटच्या लॅटरलच्या टोकाच्या ड्रीपरखाली सामूचा कागद धरा. लॅटरलच्या टोकाकडे प्रवाह मंद होत जातो, त्यामुळे तिथे ॲसिड उशिरा पोचतं. कागद 4 च्या खाली दाखवेपर्यंत पंप बंद करायचा नाही, पंधरा मिनिटं झाली तरी. 1 ते 14 चा कागद इथे ढोबळ पडतो, कमी पल्ल्याचा, 2 ते 4.5 असा मिळाला तर बघा. टोकाला पोचलं की पंप बंद, संच 24 तास तसाच. दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचे (लॅटरलना पाणी देणाऱ्या जाड पाइपचे) फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग लॅटरलची टोकं चार-पाच करून उघडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सगळी टोकं एकदम उघडली तर वेग मिळत नाही आणि सुटलेला गाळ आतच राहतो.

काही जणांची तक्रार असते की सगळं व्यवस्थित करूनही ड्रीपर सुटत नाहीत. याचं कारणही साठ्याच्याच हिशेबात आहे. ड्रीपरच्या तोंडावरचा पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट: पाणी सुकतं, कार्बन डायऑक्साइड उडतो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन बसतं. ते विरघळवायचं काम बायकार्बोनेट संपल्यावर उरलेलं आम्लच करतं. सामू 3 ला हे उरलेलं आम्ल लिटरला फक्त 1 मिलिइक्विव्हॅलंट आहे, म्हणजे ते साधारण 50 मिलिग्रॅम कार्बोनेट खाऊ शकतं. 2700 मीटर लॅटरलमध्ये 24 तास उभं राहणारं पाणी साधारण 400 लिटर. त्या सगळ्याची ताकद 20 ग्रॅम थर काढण्याची! वाहत्या 5400 लिटरने आणखी पाव किलोच्या आसपास. दर हंगामात करत असाल, थर पातळ असेल, तर हे पुरतं. तीन वर्षं काहीच केलं नसेल तर सामू 3 ची एक फेरी काहीच करणार नाही. तिथे सामू 2 पर्यंत न्यावं लागतं, म्हणजे 7 अधिक 10, 1000 लिटरला 1.7 लिटर ॲसिड, आणि ताकद दसपट. अशा वेळी फ्लशिंगनंतर तासभर साधं पाणी चालवा, म्हणजे मुळांपाशी ते तीव्र पाणी साचून राहणार नाही. नाजूक रोपं नुकतीच लावलेली असतील तर सामू 2 चा विचारच करू नका.

आणि मुळात थर कार्बोनेटचा आहे का ते पाहा. बंद पडलेला ड्रीपर कापून आतली पांढरी पूड खरवडा, तिच्यावर ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट, आम्ल प्रक्रियेने निघेल. नाही फसफसली, हिरवट-बुळबुळीत असेल तर शेवाळ आणि जिवाणूंचा चिकटा, त्याला क्लोरीन प्रक्रिया लागते. मातीचे कण असतील तर फिल्टर आणि फ्लशिंग. चुकीच्या थराला ॲसिड ओतत राहणं हा निव्वळ पैशांचा नास आहे. फरक पडला की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका. 4 लिटरचा ड्रीपर मिनिटाला 67 मिली देतो. प्रक्रियेआधी आणि नंतर तेच दहा-बारा ड्रीपर मोजनळीत धरून बघा.

ॲसिड कोणतं? हायड्रोक्लोरिक पहिली पसंती, कारण त्यातून होणारं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात सहज विरघळतं. सल्फ्युरिक 98 टक्के फार ताकदीचं, लिटरला साधारण 36 इक्विव्हॅलंट, म्हणजे वरच्या 790 मिलीच्या जागी 220 मिली पुरतं. पण पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता सुटते, आणि थर जाड असेल तर त्यावर जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) पापुद्रा बसून आतलं कार्बोनेट तसंच राहू शकतं. फॉस्फरिक 85 टक्के लिटरला 14.7 मोल. त्याच्या रेणूत तीन हायड्रोजन दिसतात म्हणून काही जण डोस तिसऱ्या हिश्श्यावर आणतात. सामू 4 ला त्यातला एकच सुटलेला असतो, दुसरा सुटायला 7.2 च्या आसपास आणि तिसरा 12 च्या वर जावं लागतं, तेव्हा एकच मोजायचा. शिवाय फॉस्फरिकचा डोस अर्धवट पडला, सामू सहाच्या वर राहिला आणि पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर कॅल्शियम फॉस्फेटचा नवाच थर बसतो. तो आधीच्यापेक्षा चिवट. कॅल्शियम नायट्रेट सोडलेल्या दिवशी फॉस्फरिक सोडू नये तेही याच कारणाने.

सुरक्षेच्या बाबतीत तीन गोष्टींना अजिबात सूट नाही. क्लोरीन प्रक्रियेचं ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट आणि ॲसिड एका ड्रममध्ये, एका मगात, एका पाळीत कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. दोन प्रक्रियांमध्ये संच साध्या पाण्याने धुऊन काढा. दुसरं, जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ॲसिड नको, भांडं खातं आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. तिसरं, अंगावर उडालं तर सोडा चोळत बसू नका. वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धरा, डोळ्यात गेलं असेल तर धुऊन लगेच दवाखाना. सोडा ठेवायचा तो जमिनीवर सांडलेल्यासाठी. चष्मा, रबरी हातमोजे, आणि वाऱ्याकडे पाठ.

याच हिशेबाने फवारणीचं पाणीही समजतं. कॅप्टानसारखं बुरशीनाशक सामू 8 ला मिनिटांत निम्मं विघटन पावतं, सामू 5 ला मात्र दिवसभराहून जास्त टिकतं, म्हणून द्राक्षबागायतदार पाणी सहाच्या आसपास आणतात. सामू 6 ला बायकार्बोनेट पूर्ण संपवावं लागत नाही, साधारण 68 टक्के खर्ची पडतं. सायट्रिक ॲसिड वापरत असाल तर 200 लिटरच्या टाकीला दुसऱ्या विहिरीच्या पाण्यात साधारण 90 ग्रॅम, पहिलीच्या पाण्यात 30 ग्रॅम. रात्री सामू करून सकाळी फवारणी करू नका. कार्बन डायऑक्साइड उडून गेला की उरलेलं बायकार्बोनेट सामू पुन्हा वर ओढतं, सहाचा साडेसहा-सात झालेला दिसतो. आणि बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात) आम्ल कधीही नको. मोरचूदाचं द्रावण मुळात आम्लधर्मी असतं, चुन्याने ते शमवलेलं असतं. आम्लाने तांबं पुन्हा मोकळं होतं आणि पानं-मणी करपतात.

राहिला एक समज, की ठिबकमधून ॲसिड सोडत राहिलं की चुनखडीच्या जमिनीचा सामूही उतरतो. एका एकरातली वरची 15 सेंमी माती साधारण 790 टन भरते. त्यात 5 टक्के मुक्त चुना असेल तर तो 39 टन झाला. कॅल्शियम कार्बोनेट 100 ग्रॅमला सल्फ्युरिक आम्ल 98 ग्रॅम लागतं, म्हणजे टनाला जवळपास टन. जोवर तो चुना आहे तोवर मातीचा सामू 8 च्या आसपासच राहणार. अशा जमिनीत लोह-जस्ताची कमतरता दिसत असेल तर ॲसिडवर खर्च करण्यापेक्षा चिलेटेड अन्नद्रव्यं (अन्नद्रव्य धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या रेणूत बांधलेली) द्या. लोहासाठी ईडीडीएचए चिलेट निवडा, कारण ईडीटीए चिलेट चुनखडीच्या सामूला लोह धरून ठेवू शकत नाही.